दादाचा कान आणि धाकटी

धाकटीचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सगळ्या गल्लीत ती धाकटीच राहिली. कारण दादा तिच्याहून मोठा, आणि गॅरेज ओळखलं जायचं ते दादाच्या नावाने. वडिलांनी दोघांची वाटणी लहानपणीच करून टाकली होती. थोरल्याला कान आहे आणि धाकटीला हात आहेत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. बापाने एकदा असं सांगून ठेवलं की मुलांनी जन्मभर तसंच राहायचं असतं, निदान या घरात तरी तसंच चालत आलं होतं. दादाने इंजिन ऐकायचं आणि काय बदलायचं ते ठरवायचं. धाकटीने पाइप वाकवायचे, जोडायचे, सायलेन्सर बनवायचे. तिचं लग्न जमलं नाही. खरं सांगायचं तर जमवायची कोणाला घाईही नव्हती, कारण ती गेली असती तर वेल्डिंग कोणी केलं असतं?

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. वरच्या मजल्यावर दादा आणि त्याची बायको, मागच्या खोलीत धाकटी. भिंतीवर पाइपचे वाकवलेले तुकडे मापाप्रमाणे टांगलेले, आणि मधोमध जमिनीत दोन जाड रोलर बसवलेले. त्यांच्यावर मागची चाकं ठेवली की गाडी जागच्या जागी हवी तेवढी पळवता यायची. इथे येणाऱ्या गाड्या बहुतेक दोन सीटच्या, बुटक्या, नाकाने जमीन हुंगत असल्यासारख्या. मालकाला दोनच गोष्टी हव्या असायच्या, जोर आणि आवाज. जोर दादाकडे, आवाज धाकटीकडे.

धाकटीचं काम बघण्यासारखं होतं. पाइप वाकवण्याआधी ती त्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, मग पाइप तापवून अंगाचा जोर लावून हळूहळू वळवायची. वाळूमुळे वळणावर पाइप चेपत नसे. मशीनवर वाकवलेला पाइप ती तोंड वाकडं करून बघायची आणि बाजूला ठेवायची. तिचे जोड इतके गुळगुळीत असायचे की लोक त्यावरून बोट फिरवून बघत. पण गाडी घेऊन जाताना आभार मानायचे ते दादाचे. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण दर वेळी नाही.

दादाच्या कानाची मात्र खरोखर ख्याती होती. इंजिनमध्ये ठिणगी थोडी आधी पडली की जोर वाढतो. आणखी आधी पडली, आणखी वाढतो. पण त्याला एक हद्द असते. ती ओलांडली की पेट्रोल आपल्या मनानेच भडकतं आणि आतून एक कोरडी टकटक येते, डब्यात खडे हलवावेत तशी. ती ताबडतोब ऐकून हात मागे घ्यायचा असतो. नाही घेतला तर पिस्टनचे तुकडे. नव्या गाड्यांत हे ऐकायला सेन्सर असतो, जुन्यांत नसतो, आणि दादाचा भरवसा सेन्सरवर कधीच नव्हता. वडिलांनी तांब्याची एक नळी बनवून ठेवली होती. तिचं चपटं टोक इंजिनला बोल्टने बसायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती दादाच्या कानात. डाव्या हाताशी इंजिनाला जोडलेला लॅपटॉप. गाडी रोलरवर ओरडत असायची आणि दादा डोळे अर्धे मिटून ठिणगी एकेक पायरी पुढे सरकवायचा. नळी कानाला असताना शेडमध्ये दुसऱ्या कोणी ब्र काढायचा नाही, हा वडिलांचा नियम. वडील जाऊन किती वर्षं झाली, पण नियम तसाच होता.

दादाचा कान गेला हे धाकटीला आधी कुकरमुळे कळलं. वर कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी हा खालून बायकोला विचारायचा, कुकर लावलास की नाही. बायको चिडायची, चेष्टा करतो म्हणून. धाकटीने तेव्हा ते कानामागे टाकलं. मग एकदा एक पिवळी गाडी रोलरवर होती. धाकटी समोर उभी होती, हात गाडीच्या मडगार्डवर. तिला ती टकटक आली, आधी हाताला आणि मग कानाला. दादा मात्र आणखी एक पायरी चढवायच्या बेतात होता. तिने नकळत खालचा ओठ दाताखाली धरला. दादाने वर पाहिलं आणि हात मागे घेतला.

तिला वाटलं, त्यानेही ऐकलंच. पण पुढच्या गाडीला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या गाडीलाही. त्यानंतर ती दर वेळी बॉनेटसमोरच उभी राहायला लागली, दादाला तिचा चेहरा दिसेल अशी. शेजारी तक्रार करतात असं सांगून तिने आणखी एक पद्धत पाडली. ट्यूनिंग करताना शांत सायलेन्सर लावायचा आणि मालकाला हवा असलेला दणदणीत नंतर बसवायचा. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नव्हती. आपल्याला नीट ऐकू यावं म्हणून ती खोटं बोलली होती.

दादाला हे कळत होतं का, ते तिने विचारलं नाही. कसं विचारणार? ज्याला सगळं गाव कानामुळे ओळखतं त्याला कान गेलाय का म्हणून विचारायचं? शिवाय मनाच्या तळाशी तिला ते आवडायलाही लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा दादाला तिची गरज पडली होती. ते कोणाला सांगता येत नव्हतं एवढंच.

तर अशा दिवसांत एक निवृत्त बस ड्रायव्हर आला. जन्मभर बस चालवलेला, हळू, वेळेवर, एकही ओरखडा न पाडता. निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी काय करावं? एक जुनी लाल दोन सीटची स्पोर्ट्स गाडी घेतली. बायकोने त्यावरून बोलून बोलून त्यांचं डोकं खाल्लं होतं, असं ते स्वतःच हसत सांगत होते. गाडीत बसताना त्यांना दोन्ही हातांनी दाराचा आधार घ्यावा लागायचा आणि बाहेर पडताना बायकोचा. पण स्टिअरिंगला हात लागला की चेहरा असा खुलायचा की धाकटीला हसू आवरायचं नाही.

त्यांना सगळंच हवं होतं. मनगटाएवढा जाड पाइप, मागे दोन तोंडं, इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो. बसचा सायलेन्सर पाहत जन्म गेला, म्हणाले, आता मला जाडच पाइप पाहिजे. दादाने नेहमीप्रमाणे मान डोलावून धाकटीकडे बोट केलं. तिने त्यांना नळाखाली नेऊन रबरी पाइपने पाणी सोडून दाखवलं. तोंडाशी बोट धरलं की धार लांब जाते, सोडलं की पाणी पायाशी पडतं. एवढ्याशा इंजिनाला एवढा जाड पाइप लावलात तर गाडी ओरडेल खूप, पण सिग्नलवरून उठताना म्हशीसारखी उठेल, असं तिने सांगितलं. ड्रायव्हरसाहेबांना म्हैस लागली आणि पटलीही. शेवटी ठरलं ते असं: पाइप मध्यम, इंजिनाला लागून असलेल्या चारही नळ्या एकसारख्या लांबीच्या नव्या, टर्बो आहे तोच पण त्याची हवा गार करायला इंटरकूलर, आणि ठिणगीची सेटिंग दादाकडून. मागची दोन तोंडं मात्र त्यांनी सोडली नाहीत. त्याने काही होत नाही, असं धाकटी म्हणाली. मनाला बरं वाटतं ना, ते म्हणाले.

तो एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनापासून मागच्या तोंडांपर्यंतचा सगळा पाइप, तिने जीव ओतून केला. इतका चांगला पूर्वी कधी झाला नव्हता, हे तिचं तिलाच कळत होतं. आणि इथेच घोळ झाला. ट्यूनिंगच्या दिवशी ड्रायव्हरसाहेब बायकोला घेऊन आले. आज हाच आवाज ऐकवा, त्यांनी गळ घातली, हिला कळू दे मी काय घेतलंय ते. धाकटीने नको म्हणायला हवं होतं. शांत सायलेन्सर भिंतीपाशी तयार होता. पण आपलं काम कोणाला तरी ऐकवायची संधी तिला फार कमी मिळाली होती, आणि ती हो म्हणाली.

दुसरी गोष्ट साधीच होती. धूर बाहेर नेणारी जाड नळी त्या दिवशी फाटली आणि शेडमध्ये धूर कोंडला. धाकटीचे डोळे झोंबायला लागले, म्हणून तिने गॉगल चढवला आणि तोंडावर कामाचा मास्क बांधला. त्यामागे काय लपलं, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

गाडी रोलरवर सुरू झाली. आवाज खरोखर सुंदर होता, खोल आणि भरलेला. ड्रायव्हरसाहेबांची बायको हातातली पिशवी छातीशी धरून उभी होती आणि तिच्याही चेहऱ्यावर नाही म्हटलं तरी हसू आलं. दादाने नळी कानात घातली. एक पायरी, दुसरी पायरी. त्या आवाजातून धाकटीला टकटक उशिरा आली, पण आली. तिने मास्कच्या आत ओठ दाताखाली धरला. दादाने वर पाहिलं. समोर काळा गॉगल आणि पांढरं फडकं. त्याने समाधानाने मान हलवली आणि आणखी एक पायरी चढवली.

ती ओरडू शकली असती. पण नळी कानाला असताना बोलायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. परक्या माणसांसमोर दादाला थांबवायचं कसं, हा विचार तिच्या मनात आला. तेवढाच वेळ लागला. तिने हात वर केला तोवर आतून धाडकन आवाज झाला आणि बॉनेटखालून निळा धूर आला.

दादाने गाडी बंद केली, नळी काढली, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, पेट्रोल खराब होतं. त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता. त्याने काही ऐकलंच नव्हतं, मग दुसरं काय असणार? ड्रायव्हरसाहेबांचं तोंड उतरलं. वाटेत एका नव्या पंपावर पेट्रोल भरलं होतं, ते म्हणाले, चूक माझीच. बायकोने तिथल्या तिथे सुनावलं, लोकांच्या बसला कधी खरचटू दिलं नाहीत आणि स्वतःची गाडी मारलीत. ते खाली मान घालून उभे राहिले. धाकटीही मूग गिळून उभी राहिली.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने आणि दादाने मिळून इंजिन उघडलं. एका पिस्टनची कड फुटली होती आणि बाकीच्यांवर उंदराने कुरतडल्यासारखे बारीक खड्डे होते. हे टकटकीचे खड्डे, हे दोघांनाही माहीत होतं. खराब पेट्रोलनेही असे खड्डे पडतात, दादा म्हणाला, आणि फडक्याला हात पुसत राहिला.

तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब आले. एकटेच होते. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं ठरलं होतं. इंजिन बांधू नका, म्हणाले, कोणी घेत असेल तर आहे तशी देऊन टाका. पंपावर गाडी थांबवतानाच आपण विचार करायला हवा होता, आता वय झालं, हे खेळ आपल्याला झेपणारे नाहीत. हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, बसची शेवटची फेरी संपल्यावर चाव्या जमा कराव्यात तसं. चावी त्यांनी टेबलावर ठेवलीसुद्धा.

धाकटीला ते सहन झालं नाही. दादाची इज्जत राखायची म्हणून तिने आजवर बरंच काही केलं होतं, पण त्यापायी या माणसाने गाडीवर पाणी सोडायचं, हे तिला बघवेना. ती बोलली.

"पेट्रोल चांगलं होतं."

दादाने मान वर केली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. टकटक आली होती. मी ऐकली."

"मग बोलली का नाहीस?"

"नळी तुझ्या कानाला होती, दादा."

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याला आधी राग आला असावा, मग कळेनासं झालं असावं. मला तर काही ऐकू आलं नाही, तो म्हणाला. माहीत आहे, ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, कुकरपासून. तिला वाटलं होतं, तो कधीतरी म्हणेल की मलाही ठाऊक होतं, मी मुद्दामच तुझ्याकडे बघायचो. पण त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा बघून हात मागे घेताना त्याला खरोखर वाटायचं की आपण ऐकलं. तिने ते इतकं बेमालूम केलं होतं की त्याच्या नकळत त्याचा कान तिच्या चेहऱ्यावर येऊन बसला होता.

त्याने विचारलं, "ती पिवळी?"

तिने मान हलवली.

"डॉक्टरांची काळी?"

तीही. मग त्याने थोडं थांबून हिरव्या गाडीबद्दल विचारलं. ती हिरवी त्याची सगळ्यात लाडकी. दूरदूरहून लोक ती बघायला आले होते आणि तिचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावलेला होता. धाकटीला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं तर ती बोलली असती. तिने मान हलवली. दादा टेबलाशी जाऊन बसला. त्याचे हात मांडीवर पडले होते आणि ते पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचे वाटत होते. आपण त्याचं काय काढून घेतलं हे धाकटीला तेव्हा कळलं, आणि तिला रडू आलं.

ड्रायव्हरसाहेब अवघडून उभे होते. जावं की थांबावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी टेबलावरची चावी उचलली, दादाच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमच्यापैकी ज्याला ऐकू येतं त्याने करा. पण इथेच करा."

इंजिन बांधायला बराच काळ गेला. मधल्या काळात दादा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. कानात घालायचं मशीन मिळालं. त्यामुळे बायकोचं बोलणं ऐकू यायला लागलं, कुकरही ऐकू यायला लागला, पण इंजिनाजवळ गेलं की सगळे आवाज एकमेकांत कालवल्यासारखे यायचे. तो कोणावर चिडला नाही. चिडला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. त्याने नवे पिस्टन स्वतः बसवले, प्रत्येक माप दोनदा घेतलं, आणि हाताने करायचं एकही काम तिच्यावर टाकलं नाही. बोलणं मात्र कामापुरतं.

एक्झॉस्टचं काय करायचं, हे त्याने तिला विचारलं. तू सांग, म्हणाला. हे दोन शब्द त्या शेडमध्ये तिला कोणी म्हटले नव्हते. तिने दिवसभर विचार केला. मग पाइपच्या मध्यावर एक लहान डबा वाढवायचं ठरवलं, म्हणजे आवाज थोडा मऊ होईल आणि त्याखालचं बाकी सगळं ऐकू येईल. ड्रायव्हरसाहेबांनी कुरकुर न करता मान्य केलं. दोन तोंडं तेवढी ठेवा, म्हणाले.

गाडी रोलरवर चढली त्या दिवशी बाहेरचं कोणी नव्हतं. धूर नेणारी नळी नवी होती. धाकटीने गॉगल घातला नाही, मास्क बांधला नाही. दादाने तांब्याच्या नळीचा बोल्ट स्वतः आवळला, रबराचं टोक पुसलं आणि तिच्या हातात दिलं. मग तो चालत शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

तिने इंजिन सुरू केलं. नळी कानात घातल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की दादा इतकी वर्षं काय ऐकत होता. हाताला आणि उघड्या कानाला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येक झडप वेगळी, प्रत्येक ठिणगी वेगळी. हे ऐकून त्याला सांगावं असं तिला वाटलं. तिने बॉनेटवरून नजर वर केली. समोरची जागा रिकामी होती, आणि तिला भीती वाटली. आपण चुकलो तर कोणाकडे बघायचं?

"दादा," तिने हाक मारली. "इकडे ये ना. समोर उभा राहा."

तो वळला नाही. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं वाटून तिने नळी काढली, त्याच्यापाशी गेली आणि खांद्याला हात लावला. त्याचे डोळे लाल होते. मशीन त्याने कानातून काढून खिशात ठेवलं होतं.

"समोर नको, धाकटे," तो म्हणाला. "तुझा चेहरा बघितला की मला ऐकू आल्यासारखं वाटतं."

तिने थोडा वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग परत गाडीपाशी आली, नळी कानात घातली आणि पहिली पायरी चढवली.